घरावरची चादर कुठवर पुरते? घरविमा, अगदी मुळापासून

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला. रस्ता सुरू झाल्यावर मी मावशीच्या गावी गेलो. दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा आधी नाकाला जाणवलं: भिजून फुगलेल्या ज्वारीचा आंबूस वास. मग दिसली ती भिंतीवरची रेघ. कमरेच्या वर, खोलीभर फिरलेली, जणू कुणी दोरी धरून मारलेली. पाणी कुठवर चढलं होतं ते सांगणारी चिखलाची रेघ.

काकांनी माळ्यावरून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. घराच्या कर्जाचे कागद त्यांनी वर ठेवले होते म्हणून वाचले होते. म्हणाले, "बँकेनं कर्ज देतानाच विम्याचे पैसे कापून घेतलेत. आता घराचं नुकसान भरून मिळेल की. तू जरा बघ."

मी बघितलं. तो विमा घराचा नव्हताच. काकांचा मृत्यू झाला तर उरलेलं कर्ज फिटावं यासाठी तो उतरवलेला होता. म्हणजे एका अर्थी जीवन विमा. घरात पाणी शिरो, भिंत पडो, त्या कागदावर एक रुपयाही मिळणार नव्हता. सात वर्षं काका समजत होते की आपलं घर विम्यात आहे.

असा गैरसमज फक्त काकांचा नाही. त्या पावसाळ्यात सोलापूर शहरातही नाल्यांच्या काठच्या वसाहतींत पाणी घुसलं. नंतर ओळखीच्या किती तरी लोकांनी मला विचारलं, घराचा विमा असतो म्हणजे नेमकं काय असतं? जमिनीचे पैसे मिळतात का? चोरी झाली तर? पत्रे उडाले तर? माझ्या मते हा विषय अवघड नाही, पण तो आपल्याला कुणी नीट सांगितलेला नाही. म्हणून मुळापासून सांगतो.

विमा घराचा असतो, जागेचा नाही

जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडला घर घेताना आपण जी किंमत मोजतो, तिच्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक जागा आणि दुसरी तिच्यावरचं बांधकाम. आग लागली, भूकंप झाला, पूर आला, तरी जागा जागेवरच राहते. जातं ते बांधकाम. म्हणून विमाही बांधकामाचाच असतो.

हे कळलं की पुढचा अर्धा गोंधळ संपतो. घराचा बाजारभाव ६० लाख असेल, तर विमा ६० लाखांचा घ्यायचा नाही. तेच घर त्याच जागेवर आज पुन्हा बांधायला किती खर्च येईल, तेवढ्याचा घ्यायचा. विमा कंपनी हिशेबही असाच करते: घराचं चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) गुणिले बांधकामाचा आजचा दर. समजा घर ७०० चौरस फुटांचं आहे आणि तुमच्या भागातला गवंडी किंवा ठेकेदार चौरस फुटाला २,००० रुपये सांगतो. झाले १४ लाख. या आकड्याला विमा रक्कम म्हणतात, म्हणजे कंपनी इमारतीसाठी जास्तीत जास्त जेवढं देईल ती मर्यादा. दर मी उदाहरणापुरता धरलाय. तुमच्याकडचा दर तुमच्याच गवंड्याला विचारा, तो एजंटपेक्षा खरा सांगेल.

बाजारभावाने विमा घेतला तर हप्ता उगाच जास्त जातो आणि भरपाई काही वाढत नाही. कारण विम्याचं मूळ तत्त्वच असं की नुकसान झालं असेल तेवढंच भरून द्यायचं. विम्यातून नफा होत नाही.

सगळ्या कंपन्यांना द्यावीच लागते अशी एक पॉलिसी

पूर्वी प्रत्येक कंपनीची घरविम्याची भाषा वेगळी असायची, अटी वेगळ्या असायच्या. विमा क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून एक ठरावीक नमुन्याची पॉलिसी आणली. तिचं नाव भारत गृह रक्षा. आग वगैरेंचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीने ती द्यावीच लागते आणि तिच्या मूळ अटी सगळीकडे सारख्याच असतात. हप्ता मात्र कंपनीगणिक वेगळा असू शकतो. म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून घ्यावं. घरासाठी पहिल्यांदा विमा घेणाऱ्याने याच पॉलिसीपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचं सगळं हीच पॉलिसी डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय.

कशापासून संरक्षण? यादीत नाव असेल त्यापासून

घरविमा म्हणजे "घराला काहीही झालं तरी पैसे" असं नाही. लग्नाच्या पंगतीला आमंत्रणाची यादी असते तशी इथे संकटांची यादी असते. यादीत नाव असलेल्या संकटाने नुकसान केलं तरच भरपाई.

ही यादी बरीच मोठी आहे. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी साचणं, घराखालची जमीन खचणं, दरड, बाहेरून काही येऊन आदळणं (गाडी, झाड, शेजारची भिंत), दंगल, संप, कुणी जाणूनबुजून केलेली नासधूस, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं वा भरून वाहणं. भूकंप आणि दहशतवाद यांचे पैसे वेगळे मोजायला लागत नाहीत, ते मूळ पॉलिसीतच आहेत.

आता ही यादी सोलापुरात आणून बघू.

एप्रिल-मे मध्ये वळवाचा पाऊस येतो. पाऊस थोडा आणि वारं जास्त. पूर्व भागात एकेका गल्लीतले पत्रे उडून दुसऱ्या गल्लीत पडतात. वादळाने उडालेले पत्रे यादीत बसतात. शेजारच्याचा पत्रा उडून तुमच्या खिडकीवर आदळला, तर तेही बसतं.

आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं. चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही कधी कधी रात्री दोनला. मोटर चालू करून डोळा लागतो, टाकी भरून वाहते, आणि सकाळी उठून बघावं तर जिन्यावरून आलेल्या पाण्याने खालच्या खोलीतला पलंग, कपाट भिजलेलं. टाकी भरून वाहणं यादीत आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं. पण त्याच भिंतीला वर्षानुवर्षं पाझरून ओल आली असेल, पोपडे सुटले असतील, वाळवी लागली असेल, तर ते मिळत नाही. फरक असा: एका रात्रीत घडतं ते संकट, हळूहळू होते ती झीज. विमा संकटाचा असतो. झिजेची काळजी मालकाने घ्यायची.

उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला गेला की विजेचा दाब कमी-जास्त होतो आणि कूलर, फ्रिज जळतात. इथे नियम नीट समजून घ्यायला हवा. शॉर्टसर्किटने फ्रिज स्वतः जळाला, तर त्या फ्रिजचे पैसे मिळत नाहीत. पण त्या फ्रिजमधून उडालेल्या ठिणगीने पडदा पेटला, पडद्याने छत पेटलं, तर फ्रिज सोडून बाकी सगळ्याची भरपाई आहे.

भूकंपाचं नाव काढलं की लोक म्हणतात, सोलापुरात कुठला भूकंप? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांना आठवते ते असं म्हणणार नाहीत. किल्लारीच्या त्या भूकंपाने सोलापूरही हादरलं होतं आणि माणसं अंथरुणातून उठून रस्त्यावर आली होती. तिकडे जी माणसं गेली त्यांतली बरीचशी जाड दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताखाली गेली. माळवदी घरं आपल्या जिल्ह्यातल्या गावांत आजही आहेत. तुमचं घर माळवदाचं असेल, पत्र्याचं असेल, तर विम्याच्या अर्जात ते जसं आहे तसंच लिहा. "स्लॅब" लिहून मोकळं होऊ नका. अर्जातली खोटी माहिती हे पुढे दावा, म्हणजे भरपाईची मागणी, नाकारायला मिळालेलं आयतं कारण असतं.

जमीन खचण्याबद्दलही एक सांगायला हवं. काळ्या मातीत बांधलेल्या नव्या घराला पहिल्या दोन-तीन वर्षांत बारीक तडे जातात. घर "बसतं" असं आपण म्हणतो. असे तडे, किंवा पाया कच्चा घेतल्यामुळे, माल निकृष्ट वापरल्यामुळे गेलेले तडे विम्यात नाहीत. त्याबद्दल बिल्डरला गाठायचं.

चोरी झाली तर? इथे बहुतेकांची फसगत होते

घरविमा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा चोरच येतो. गावाला गेलो, कुलूप तोडलं, दागिने नेले. ही साधी घरफोडी भारत गृह रक्षेच्या मूळ पॉलिसीत नाही. ज्या चोरीची भरपाई मिळते ती फक्त यादीतल्या एखाद्या संकटामुळे झालेली आणि त्या संकटानंतर ७ दिवसांच्या आत झालेली. म्हणजे पुरामुळे घर सोडून तुम्ही नातेवाइकांकडे गेलात, मागचं दार पाण्याने तुटलं होतं, आणि परत येईपर्यंत तांब्या-पितळेची भांडी गेली, अशी चोरी.

घरफोडीचं संरक्षण हवं असेल तर ते वेगळं मागावं लागतं. काही कंपन्या ते जोडून देतात, काही वेगळी पॉलिसी देतात. एजंटला थेट विचारा, "साधी घरफोडी यात आहे का? कुठल्या पानावर लिहिलंय?" आणि ते पान स्वतः बघा.

दागिन्यांचंही तसंच. सोनं, चांदी, मौल्यवान वस्तू यांच्यासाठी वेगळा पर्याय घ्यावा लागतो आणि त्यांची किंमत सांगावी लागते. रोख रक्कम, चेक, कागदपत्रं आणि वाहनं घराच्या विम्यात येत नाहीत. पार्किंगमधली दुचाकी पुरात गेली तर तिच्या स्वतःच्या विम्यातून मिळेल, तोही सर्वसमावेशक असेल तरच.

घरातल्या सामानाचं काय?

इमारतीचा विमा घेतला की घरातलं साधं सामान आपोआप येतं: पलंग, कपाट, टीव्ही, फ्रिज, भांडी, कपडे. मर्यादा विमा रकमेच्या २० टक्के, आणि जास्तीत जास्त १० लाख. आपल्या १४ लाखांच्या उदाहरणात सामानासाठी २ लाख ८० हजार झाले. त्यासाठी वस्तूंची यादी आधी द्यावी लागत नाही. सामान याहून जास्त किमतीचं असेल, तर ते सांगून, वाढीव हप्ता भरून मर्यादा वाढवता येते.

भाड्याने राहणाऱ्यांनी हा परिच्छेद लक्ष देऊन वाचावा. घर तुमचं नसलं तरी सामान तुमचंच असतं. फक्त सामानाचा विमा घेता येतो. घरमालकाने इमारतीचा विमा घेतला असेल तर त्यात तुमच्या सामानाचा समावेश नसतो.

चादर आखूड पडली तर

सोलापुरी चादरीचं उदाहरण घेतो. सहा फुटी माणसाने चार फुटी चादर घेतली, तर डोकं झाकलं की पाय उघडे पडणार. विमा रक्कम कमी घेतली तर असंच होतं, आणि जुन्या पद्धतीच्या पॉलिसींत ते दुप्पट महागात पडायचं.

कसं ते बघा. घर पुन्हा बांधायला २० लाख लागतील, पण हप्ता वाचवायला विमा घेतला १० लाखांचा, म्हणजे निम्म्याचा. आगीत नुकसान झालं ४ लाखांचं. आपण म्हणणार, १० लाखांचा विमा आहे, ४ लाख तर आरामात मिळतील. कंपनी म्हणायची, तुम्ही निम्म्याचाच विमा घेतलाय, निम्मीच भरपाई घ्या. हातात यायचे २ लाख. याला अपुरा विमा म्हणतात.

भारत गृह रक्षेत ही कात्री लावायची नाही असा नियम आहे. माझ्या दृष्टीने या पॉलिसीतली सामान्य माणसासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. पण म्हणून रक्कम मुद्दाम कमी लिहू नये. घर पूर्ण पडलं, तर मिळणारी रक्कम विमा रकमेच्या वर जात नाही. तिथे आखूड चादर आखूडच राहते.

सिमेंट, सळई, वाळू, मजुरी दरवर्षी वाढते, मग आज घेतलेली रक्कम पाच वर्षांनी पुरेल का? ही पॉलिसी १० वर्षांपर्यंतची घेता येते, आणि एका वर्षाहून जास्त मुदतीची घेतली तर विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढत जाते, त्यासाठी जादा हप्ता नाही. वर्षावर्षाची पॉलिसी घेणाऱ्याने मात्र नूतनीकरणाच्या वेळी आकडा स्वतः तपासावा. आणि मधल्या काळात वर मजला चढवला, मागे खोल्या काढल्या, तर कंपनीला कळवावं. चटई क्षेत्र १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं आणि कळवलं नाही, तर दाव्याच्या वेळी अडचण येते.

भिंतींच्या पलीकडचे काही खर्चही या पॉलिसीत धरलेले आहेत. राडारोडा उचलायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत, आर्किटेक्ट-सर्व्हेयरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत. घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुरुस्ती होईपर्यंत दुसरीकडे भाड्याने राहण्याचा खर्च, आणि घर तुम्ही भाड्याने दिलं असेल तर बुडालेलं भाडंही. हे भाड्याचं कलम फार कमी लोक मागतात, कारण ते आहे हेच माहीत नसतं.

बँकेने कापलेले पैसे गेले कुठे?

आता काकांच्या पिशवीकडे परत येतो. गृहकर्ज घेताना दोन वेगळे विमे पुढे येतात आणि दोन्हींना तोंडी "घराचा विमा" म्हटलं जातं.

एक, कर्जाचा विमा. कर्जदाराचा मृत्यू झाला तर शिल्लक कर्ज फेडतो. याचा हप्ता मोठा असतो, बऱ्याचदा एकरकमी, आणि तो कर्जातच मिसळून टाकतात. दुसरा, मालमत्तेचा विमा. हा घराच्या बांधकामाचा.

कागद कसा ओळखायचा? वर कंपनीचं नाव बघा. जीवन विमा कंपनी असेल तर तो पहिल्या प्रकारचा. सर्वसाधारण विमा कंपनी असेल आणि आत घराचा पत्ता, चटई क्षेत्र, आग-पूर-भूकंप असे शब्द असतील, तर तो दुसरा. काकांच्या कागदावर घराचा पत्ता होता, पण तो काकांचा पत्रव्यवहाराचा पत्ता म्हणून. सात वर्षं फसायला तेवढं पुरेसं ठरलं. कर्ज देताना समोर बसलेल्या माणसाने दोन मिनिटं काढून हा फरक सांगितला असता, तर काकांनी थोडे पैसे आणखी घालून दुसरा विमाही घेतला असता. ते टाळाटाळ करणारे नाहीत. त्यांना कुणी सांगितलंच नाही, याचा मला आजही राग येतो.

बँकेने मालमत्तेचा विमा घेतलेला असला तरी दोन गोष्टी तपासा. विमा रक्कम बांधकामाच्या खर्चाएवढी आहे की फक्त कर्जाएवढी? आणि मुदत अजून चालू आहे ना? पहिल्या वर्षी घेतलेला विमा पुढे कुणीच नूतनीकरण केलेला नाही, असं वरचेवर घडतं. शिवाय अशा पॉलिसीवर बँकेचं नाव असल्याने भरपाईवर पहिला हक्क बँकेचा असतो.

घरातच माग असेल तर?

हा प्रश्न सोलापूरचा आहे, म्हणून वेगळा घेतो. साखर पेठ, भवानी पेठ, अशोक चौकाच्या भागात किती तरी घरांत पुढे माग आणि मागे संसार. कुठे शिवणकाम, कुठे विडीचं काम, कुठे पुढच्या खोलीत किराणा.

भारत गृह रक्षा ही राहण्याच्या घरासाठी आहे. माग, सूत, तयार टॉवेल, दुकानातला माल तिच्यात येत नाही. कंपनीला न सांगता घरात कारखाना चालवला, तर घराचा दावाही अडचणीत येतो. कारण ज्या घराला राहतं घर समजून हप्ता ठरवला, त्यातला आगीचा धोका मुळातच वेगळा निघतो.

यावर उपाय आहे. छोट्या उद्योगांसाठी याच धर्तीवर दुसरी नमुना पॉलिसी आहे, भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. इमारत, यंत्रं, माल मिळून ५ कोटींपर्यंत मूल्य असलेल्या जागेसाठी ती चालते. राहता भाग आणि कामाचा भाग दोन्ही अर्जात स्पष्ट लिहायचे आणि कशाला कुठली पॉलिसी लागू ते कंपनीकडून लेखी घ्यायचं.

१८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागून ८ जीव गेले. मालकाचं कुटुंब तिथेच राहत होतं. त्या जिवांची भरपाई कुठलाच कागद करू शकत नाही. पण घर आणि कारखाना एका छताखाली असणं म्हणजे काय जोखीम आहे, हे त्या दिवसापासून सोलापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विम्याआधी वायरिंग बघा. सुताचे गठ्ठे जिन्यात आणि दारात रचू नका.

"पूर आला तर सरकार देतंच की"

देतं, आणि द्यायलाच हवं. पण किती, ते बघा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे मैदानी भागात घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये. पक्क्या घराची अंशतः पडझड झाली, किमान १५ टक्के, तर ६,५००. एखाद्या वेळी सरकार यापेक्षा वाढवून देतं, पण ते त्या वेळच्या निर्णयावर अवलंबून. ६,५०० रुपयांत मावशीच्या घराच्या एका खोलीचा गिलावाही होणार नाही. सरकारी मदत पडलेल्याला उभं राहायला हात देते. घर पुन्हा बांधून द्यायचा करार तिच्यात नाही, विम्यात असतो. मदतीसाठी अर्ज कराच, पंचनामा करून घ्याच.

"काही झालंच नाही तर पैसे वाया"

भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो, म्हणून भिशीत पैसे वाया जात नाहीत असं वाटतं. विमा ही वेगळ्या तऱ्हेची भिशी आहे. हजार घरं थोडे थोडे पैसे टाकतात आणि त्या वर्षी ज्याचं घर जळतं त्याला उचल मिळते. आपला नंबर लागू नये अशीच इच्छा असते.

आणि हप्ता खरंच फार नसतो. साध्या घराचा वर्षाचा हप्ता बऱ्याचदा एका दुचाकीच्या विम्याच्या आसपास निघतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये जीवन आणि आरोग्य विम्यावरचा कर वैयक्तिक ग्राहकांसाठी माफ झाला. ती सूट घरविम्याला मिळालेली नाही.

कुंभारीजवळच्या रे नगरमध्ये १९ जानेवारी २०२४ ला १५ हजार कामगार कुटुंबांना घरांच्या किल्ल्या मिळाल्या. विडी, यंत्रमाग, कचरा वेचणं, शिलाई अशी कामं करणारी ही कुटुंबं. यातल्या बहुतेकांकडे ते घर सोडून दुसरी मालमत्ता नाही. "आमच्या एवढ्याशा घराला विमा कशाला" असं छोट्या घरातली माणसं म्हणतात तेव्हा मला उलटं वाटतं. ज्याच्याकडे तीन घरं आहेत तो एक घर जळालं तरी उरलेल्या दोनांत राहील. ज्याचं एकच आहे, त्याने तर विमा आधी घ्यावा.

"घर अजून आजोबांच्या नावावर आहे"

विमा घ्यायला त्या घराच्या नुकसानीने तुमचं आर्थिक नुकसान होतंय हे दिसावं लागतं. मृत माणसाच्या नावाने विमा घेता येत नाही. वारस म्हणून राहत असाल तर अर्जात तसंच लिहा, आणि वारस नोंद करून घ्या. दाव्याच्या वेळी भावंडांत वाद निघाला तर पैसे अडकून पडतात.

संकट आल्यावर पहिले दोन दिवस

पुराचं पाणी ओसरलं की आपला हात पहिल्यांदा झाडूकडे जातो. थांबा. आधी फोटो. भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेजवळ टेप उभी धरून फोटो काढा, पाणी किती फूट होतं हे त्यात दिसतं. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, उपकरणांच्या मागची नंबरची पट्टी, उघडलेलं कपाट.

मग लगेच कंपनीला कळवा, फोनवर आणि लेखी सुद्धा, आणि दाव्याचा क्रमांक लिहून ठेवा. कंपनी सर्व्हेयर पाठवते. हा नुकसान मोजणारा परवानाधारक माणूस असतो. तो येऊन बघेपर्यंत भिजलेला टीव्ही, फुगलेली गादी भंगारात देऊ नका, गच्चीत काढून ठेवा. उघड्या छतावर ताडपत्री टाकणं, वायर तोडून ठेवणं असं नुकसान वाढू नये म्हणूनचं काम जरूर करा, त्याच्या पावत्या ठेवा. आग असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल, पूर असेल तर तलाठ्याचा पंचनामा, चोरी किंवा नासधूस असेल तर पोलिसांत तक्रार.

आणि हे आज करायचं काम: पॉलिसीचा आणि घराच्या उताऱ्याचा फोटो परगावी राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. काकांचे कागद माळ्यावर होते म्हणून राहिले. शेजारच्या घरातले ट्रंकेत होते, लगदा झाला.

दावा नाकारला तर

नाकारल्याचं कारण लेखी मागा. त्यात पॉलिसीतलं कुठलं कलम लावलंय ते बघा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. नियामकाचं बीमा भरोसा हे पोर्टलही आहे, आणि १५५२५५ हा विनाशुल्क क्रमांक.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. सोलापूर जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात, फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. तो मार्ग नको असेल तर सोलापुरात जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

काकांच्या बाबतीत यातलं काहीच लागू नव्हतं, कारण घराचा विमाच नव्हता. दिवाळीनंतर गिलावा वाळल्यावर आम्ही दोघांनी बसून नवा अर्ज भरला. चटई क्षेत्राच्या रकान्यापाशी काका थांबले, आतून टेप घेऊन आले, आणि एक टोक माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरापासून मोजायला लागले.